पत्त्यासकट प्रार्थना

वर्धा बसस्थानकात, माझ्या मागच्या बाकावर, प्रार्थनासभेहून परतणाऱ्या दोघी बसल्या होत्या.

“नलू, आज पुन्हा तेच! ‘प्रभू, मी नलू, रोशनची बायको, राहणार बोरगाव मेघे, पाण्याच्या टाकीमागं.’ प्रार्थना करून राह्यली का रेशनकार्डाचा फारम भरून राह्यली?”

“ताई, कोण बोलून राह्यलं ते त्याले समजाले पायजे ना?”

“अवं, बाप हाये तो आपला! लेकरू बापाले पत्ता सांगते काय?”

“मी सांगतो ना. चर्चले जाऊ लागली तेव्हापासून बाबाले फोन केला, का बाबा इचारते, ‘कोण नलू?’”

“डोळे मिट. आताच मिट, बस गेली तं जाऊ दे. नुसतं ‘बाबा’ म्हण. त्यानं ‘कोण’ म्हणून इचारलं, तं मले सांगजो!”