दिव्याची गवसणी मीच शिवली

नाव: वर साहेबांनी लिहून घेतले आहे, गल्लीत सगळे मशीनआजी म्हणतात. वय: सत्तरीच्या पुढे. शिक्षण: दुसरी, तीही अर्धी. धंदा: वाद्यांच्या गवसण्या, म्हणजे कापडी खोळी, शिवणे. राहणार: शहरात, मोठ्या चौकातल्या वाद्यांच्या दुकानावरची खोली.

कुणी बोलावलेले नसताना मी आपण होऊन चौकीत आले आहे आणि हवालदारसाहेबांसमोर बसून सांगते की, माझ्या विहीणबाईंच्या, म्हणजे सुनेच्या आईच्या, घराला लागून जे गोदाम आहे, त्याच्या आवारातल्या मोठ्या दिव्यावर जी काळी गवसणी चढवलेली सापडली, ती मी शिवली आहे. विहीणबाईंनी काल इथे येऊन, शिवली मी आणि चढवलीही मीच, असा जबाब दिला. त्यातले शिवण्याचे खोटे आहे. त्यांना साधे बटण लावता येत नाही. पोरांच्या लग्नात त्यांच्या ब्लाउजचा हूक ऐन वेळी मी लावून दिला होता. हवालदारसाहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा.

माझी नात माझ्याजवळ राहते. तिला आकाशाचे वेड आहे. आमच्या गच्चीवरून चंद्र आणि समोरच्या दवाखान्याची पाटी एवढेच दिसते. तिच्यासाठी अंधार शोधत मी काही कमी फिरले नाही. नदीकाठी नेले, तर तिथे फिरायला येणाऱ्यांसाठी दिवे. टेकडीवर नेले, तर सगळे शहर खालून वर उजेड फेकत होते. मैदानामागे काळोख चांगला होता, पण कुत्री होती. विहीणबाईंना मात्र शहराबाहेर घरबसल्या अंधार मिळालेला, त्यात त्यांचे कर्तृत्व काय? अमावास्या आली की नात दुर्बीण घेऊन त्यांच्याकडे जाते आणि परत आली की चार दिवस तेच पालुपद. त्यांना ती ताऱ्यांची आजी म्हणते. मी तिला अंगाखांद्यावर वाढवली, मी मशीनची आजी. माझी तक्रार नाही. नोंद असावी.

गेल्या महिन्यात त्या गोदामाच्या आवारात हा दिवा आला. नात तिकडून आली ती गप्पच. म्हणाली, तिथेही आता काही दिसत नाही. मला बरे वाटले. त्या दिवशी मी शिरा केला. पण पोरीने दुर्बीण कपाटावर टाकली, वर धूळ बसली, तरी तिने हात लावला नाही. शिराही खाल्ला नाही. म्हटले, आता हिला आकाश जी परत देईल ती खरी आजी.

मग मी विहीणबाईंना फोन करून दिव्याचे माप मागितले. कशाला, हे त्यांनी विचारले नाही. हुशार आहेत, ते मी मान्य करते. त्यांनी माप वितीने घेऊन सांगितले. मी अंदाजाने वाढवले म्हणून गवसणी बसली. कापड दुहेरी, गिटारला घेते तेच, तोंडाला नाडी, म्हणजे सकाळी ओढली की निघावी आणि काचेला ओरखडा येऊ नये. दिव्याचे काहीही बिघडलेले नाही. हवालदारसाहेबांनी लावून पाहावा.

अमावास्येला नातीला घेऊन मी बसने तिकडे गेले. तिन्हीसांजेला गोदामाचा राखणदार भाकरी खायला घरी गेला, तो गेला की सकाळीच उगवतो, तेव्हा विहीणबाईंनी कुंपणाच्या भिंतीला, दिव्याखालीच, शिडी लावली. त्या माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण गुडघे बघा त्यांचे. सरसर वर गेल्या. मी खाली शिडी धरून होते. त्यांनी गाठ उलटी मारली, ते मी खालून सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही या मग वर." मी शिडी सोडली नाही, हेही लिहावे.

अंधार झाला. आम्ही तिघी गच्चीवर सतरंजी टाकून निजलो, नात मधे. एवढे तारे मी जन्मात पाहिले नव्हते. विहीणबाई एकेकाचे नाव सांगत होत्या, मला एकही येत नाही. मग नात म्हणाली, "आजी, तो बघ, पडला."

आम्ही दोघी एकदम म्हणालो, "कुठे?"

ती माझ्याकडे तोंड करून होती. विहीणबाई वेगळे सांगतील.

बोलता बोलता तिथेच डोळा लागला. सकाळी गवसणी काढायची राहिली आणि राखणदाराने बोंब मारली. मी आणि नात शहरात परत आलो. काल नातीचा विहीणबाईंशी फोन झाला. फोन ठेवून ती मला म्हणाली, ताऱ्यांच्या आजीने सगळं स्वतःवर घेतलं, तुझं नावसुद्धा येऊ दिलं नाही, किती ग्रेट ना. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी भाजी तशीच टाकून इकडे निघाले.

विश्वास नसेल तर आम्हा दोघींना इथे समोरासमोर बसवून सुईत दोरा ओवायला सांगावे. शिक्षा द्यायची तर दोघींना सारखी द्यावी. त्यांना जास्त दिली तर पोरगी त्यांच्याकडेच डबा घेऊन जाईल. गवसणी चौकीत जमा आहे. तिची नाडी उलट्या गाठीमुळे चुरगळली आहे, ती मी बदलून देईन. गोदामाच्या मालकांना विचारावे, महिन्यातून एक दिवस वापरू देतील का.

वरील जबाब हवालदारसाहेबांनी मला दोनदा वाचून दाखवला, कारण पहिल्यांदा ऐकायला फार छान वाटला. मी सांगितला तसाच आहे, फक्त शेवटी साहेबांनी लिहिलेले "सदर कृत्य दोघींनी मिळून केले" यातले दोघींनी मिळून हे शब्द माझे नाहीत. खोडायला सांगणार होते. राहू द्यावेत.

सही (स्वतःच्या हाताने)