झोप कशी झाली

— नाही, आधी बसा तुम्ही. त्या पलंगावर बसलात तरी चालेल, दाखवायलाच ठेवलाय तो. फोन ठेवा आत, वाचला मी मेसेज — 'बाबांची झोप कशी झाली? आणि तुमची?' — आणि बाबा तर आता नाहीत. तुमचं चिडणं बरोबरच आहे, कुणीही चिडेल. पण मुद्दाम नाही हो कुणी पाठवला, एआय पाठवतं ते — मी नाही. म्हणजे मीच. म्हणजे कसं लिहायचं ते त्याला सांगणारी मी — प्रॉम्प्ट म्हणतात त्याला. आधी मालक स्वतः लिहायचे — 'पेशंटचे पलंग विकायचेत, छानसा मेसेज लिही.' झालं. मग एआय तरी काय लिहिणार? खास सवलत, त्वरा करा — आजारी माणसाच्या घरी त्वरा करा! एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. मी म्हटलं, द्या इकडे. त्याला सगळं फोडून सांगावं लागतं — आपण कोण, समोरचा कोण, तो कशाला घाबरतो, काय बोलायचं, काय नाही. मी लिहिलं — समोरचा माणूस रात्रभर जागा आहे. आधी पेशंटची झोप विचार, मग त्याची. पलंगाचं नावही काढू नकोस. आणि काय सांगू, लोक उत्तरं द्यायला लागले, मग आपणहून गादी विचारायला लागले, कठडे विचारायला लागले. मालक म्हणाले, कुठून सुचतं तुम्हाला? सुचतंय कसलं — आई होती ना घरी, अशाच पलंगावर. भाऊ फोन करायचा, आईचं विचारायचा, ठेवून द्यायचा. तू झोपलीस का, असं कुणी कधी विचारलं नाही मला. जे मला हवं होतं तेच लिहिलं, त्यात माझी अक्कल काही नाही.

आणि तपासायला म्हणून यादीत माझाही नंबर घातला होता — घालतातच तसा, आपल्याला आला की चुका कळतात. रोज सकाळी येतो. आईची झोप कशी झाली, आणि तुमची? — हो, गेली आई. पण येतो अजून.

थांबा, तुमचं काम तुमच्यासमोरच करते. एकच ओळ हवी होती — जो उत्तर देत नाही, त्याला पुन्हा पाठवू नकोस. विसरले? — नाही, खोटं कशाला बोलू, विसरले नव्हते. पण प्रॉम्प्ट सगळ्यांना एकच असतो, मग मलाही लागू. मी कुठे उत्तर देते? माझाही बंद झाला असता. 'बरी आहे' एवढं लिहिलं असतं तरी येत राहिला असता, मशीनला काय कळतंय. लिहिलंही एकदा. पाठवायला बोट पुढे जाईना. मग राहू दिलं तसंच, आणि माझ्यापायी तुम्हाला हे सोसावं लागलं. आणखी किती जणांना, कुणास ठाऊक. सगळेच काही भांडायला येत नाहीत.

हे बघा, लिहिली ओळ. वाचा हवं तर. सेव्ह केली. उद्यापासून नाही यायचा.

— माझं काय? माझं काही नाही. उठा आता त्या पलंगावरून, चादर नीट करायचीय मला.