रस्कला काढा!

(मिलवॉकी. दुपारच्या सामन्याआधीचा रेडिओ कार्यक्रम. बेसबॉलचे चाहते फोन करून बोलतात.)

गॅरेट : ...आणि पुढचा फोन कुणाचा, ते विचारायलाच नको. व्हर्नाबाई, अभिनंदन! जिंकलात तुम्ही.

व्हर्ना : कसलं डोंबलाचं अभिनंदन?

गॅरेट : म्हणजे? बातमी ऐकली नाहीत? एमेट रस्कला काढलं. खालच्या लीगमध्ये पाठवलंय, इथून सहा तासांवर.

व्हर्ना : ऐकली. म्हणून तर फोन केलाय. कुणी सांगितलं होतं त्याला काढायला?

गॅरेट : तुम्ही! एप्रिलपासून रोज! परवा तर म्हणालात, त्याच्या जागी पत्रपेटी उभी करा, निदान भलत्या चेंडूवर बॅट तरी फिरवणार नाही.

व्हर्ना : मग काय खोटं बोलले? एकतीस वेळा बॅट घेऊन गेला, लागले किती? दोन! शनिवारी तिन्ही बेस भरलेले, एक साधा फटका हवा होता, आणि हा बाबा ढिम्म! तिसरा स्ट्राइक नुसता बघत बाद झाला. बघत! माझ्या हातातलं सॉसेज तसंच राहिलं.

गॅरेट : मग गेला की आता! तक्रार काय?

व्हर्ना : तो आज सकाळी आमच्या दुकानात आला.

गॅरेट : रस्क? तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात?

व्हर्ना : हो. सामान बांधायला खोकी आणि चिकटपट्टी घ्यायला. मी काउंटरवर. ‘पिशवी हवी का?’ एवढंच विचारलं रे मी. आवाजावरून ओळखलं त्यानं मला.

गॅरेट : अरे देवा. भडकला असेल.

व्हर्ना : भडकला असता तर बरं झालं असतं! मीही चार सुनावल्या असत्या. टोपी काढली मेल्यानं. म्हणाला, ‘बाई, तुमचं बरोबर होतं. बाहेर जाणाऱ्या चेंडूला माझा पुढचा पाय आधीच हलतो. कोचच्या आधी तुम्ही सांगितलंत.’

गॅरेट : मग तुम्ही काय म्हणालात?

व्हर्ना : काय म्हणणार? पावती हवी का, विचारलं.

गॅरेट : व्हर्नाबाई!

व्हर्ना : ओरडू नकोस. बाहेर गाडीत बायको बसलेली, सातवा महिना असेल, मांडीवर मांजराचा पिंजरा. आणि हा शहाणा रोज आपला कार्यक्रम ऐकत होता! चेंडू लागत नसताना रेडिओ बंद ठेवावा, एवढी अक्कल नको माणसाला?

गॅरेट : म्हणजे त्याला परत आणा म्हणताय?

व्हर्ना : अजिबात नाही! पाय जागेवर येईपर्यंत फिरकूसुद्धा देऊ नका. आज त्याच्या जागी कोण आहे?

गॅरेट : ओडेल प्रुइट.

व्हर्ना : प्रुइट? वळणारा चेंडू दिसला की डोळे मिटतो तो!

गॅरेट : झालं! म्हणजे उद्यापासून ‘प्रुइटला काढा’?

व्हर्ना : उद्याचं उद्या. मला एक विचारायचंय.

गॅरेट : विचारा की.

व्हर्ना : गॅरेट, त्या खालच्या लीगचे सामने रेडिओवर लागतात का रे?

गॅरेट : लागतात. पण तिथे लोकांचे फोन घेत नाहीत.

व्हर्ना : तेच बरं. मला नुसतं ऐकायचंय.