मामांनी ओतलेला ड्रम

तुम्ही आमच्या मामांना भेटला नाहीत, नाहीतर हा चहा घेण्याआधी त्यांनी तुमच्या कुंड्यांखालच्या ताटल्या तपासल्या असत्या. एकाहत्तरच्या लढाईत ते सैन्याच्या इस्पितळात कामाला होते. नंतर पालिकेत आरोग्य अधिकारी झाले. गेल्या वर्षी गेले.

त्यांच्या मुलीचं, स्मिताचं, लग्न ठरवायला आम्ही हडपसरला मुलाच्या घरी गेलो होतो. पोहे आले आणि मामा गायब! तेवढ्यात मोरीतून धबधबा ऐकू आला. धावत गेलो, तर मामांनी पाण्याने भरलेला अख्खा ड्रम आडवा केलेला.

"डासांच्या अळ्या होत्या," ते शांतपणे म्हणाले.

मुलाची आई म्हणाली, "अहो, आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. आता चहा कशाचा करू?"

मामींनी डोळे मिटून घेतले. स्मिता रडकुंडीला आली. मामा मात्र हळू आवाजात म्हणाले, "ताई, गोळ्या लागलेली पोरं आम्ही वाचवली, आणि त्यांतलीच काही नंतर मलेरियाने गेली. माझी मुलगी या घरात नांदणार आहे, म्हणून राहवलं नाही."

मग त्या बाईंनी शेजारून कळशीभर पाणी आणलं, चहा केला आणि मामांच्या हातात कप देत म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. तारीख तुम्ही काढा. फक्त लग्नाच्या दिवशी कार्यालयात तुम्ही सगळ्यात शेवटी या. वऱ्हाडाला आंघोळी करायच्या असतात."