जमनीच्या ढावल्यातली ओळ

(आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावर, लग्नघर. बसंतीबाई, त्यांची नात राखी आणि राखीची कॉलेजातली मैत्रीण भैरवी.)

बसंतीबाई : हे काय चौकोन चौकोन आले वं, राखी? मी ‘आंगणो’ सांगितलं होतं, विटा नाई सांगितल्या!

राखी : दादी, थांब ना जरा!

भैरवी : अगं, मांडवात सगळे तुला शोधतायत. इथं मोबाइल, लॅपटॉप घेऊन काय बसलीस?

राखी : बरं झालं तू आली. पाय ना, काल दादीनं सांगितलेला ढावलो लिहून ठेवला यात, मी बनवलेल्या प्रोग्रामात. नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, ते गाणं. शब्द टाकला का ओळ यायला पायजे. येते, पण फुटून येते.

बसंतीबाई : माझी पोरगी, या नवरीची, जमनीची याडी, लग्नात इथूनच निघाली होती. माझ्याच गळ्यात पडून गायली. आंगणाची गोष्ट होती त्यात. जमनीले तेच पायजे. म्हणते, आई तर राह्यली नाई, तिचं तेवढं तरी माझ्या तोंडी दे.

भैरवी : मग तुम्हीच सांगा ना, आजी.

बसंतीबाई : काल सांगितलं वं बाई, ओघात निघून गेलं. आता आठवाले गेली का शब्द काही येत नाई.

भैरवी : राखी, आधी तपासलं नव्हतंस?

राखी : तपासलं. इंग्रजी लिहून. तपासाले ढावलो कुठून आणू? घरात लग्न नसताना दादी काढूच देत नाई. हळद लागली तेव्हा कुठं तोंड उघडलं तिनं.

बसंतीबाई : मंग! रडणं का उगाच घरात बोलवाव? आन् जमनी गेली का पुसून टाकजो सारं.

भैरवी : तिथंच फसलीस बघ. इंग्रजी अक्षर कॉम्प्युटरच्या एका खान्यात, एका बाइटमध्ये मावतं. आपल्याला तीन खाने लागतात. तुझा प्रोग्राम खाने मोजून ओळ कापतोय, अक्षराच्या बरोबर मधून.

राखी : हात्तिच्या! म्हणजे अक्षरं मोजायची, खाने नाई. दे इकडं लॅपटॉप. …हे पाय. चौकोन गेले!

भैरवी : पण ओळीच्या सुरुवातीला नुसता काना लोंबतोय की.

राखी : मात्रा मागं राह्यली. अक्षर आन् त्याची मात्रा सोबतच धराव लागते. थांब.

बसंतीबाई : लवकर कर वं. नवरीले न्यायची जीप आली वाटते.

राखी : झालं. ‘आंगणो’. …दादी, ऐक. ‘याडी ये, तारो आंगणो छुटगो…’

भैरवी : आजी? पाणी आणू का?

बसंतीबाई : नको. हेच. असंच म्हणाली होती माझी पोर. माझं आंगण सुटलं म्हणे तिले.

राखी : जमनीले वाचून दाखवून येतो मी.

बसंतीबाई : वाचू नको. तिच्या हातात दे. ते तिचं आहे.

राखी : बरं. आन् ती गेल्यावर पुसतो मंग, तू म्हटलं तसं.

बसंतीबाई : पुसू नको. लग्न नसताना म्हणायचं नाई, तेवढंच. चूप बसून राहू दे त्याले त्यात. जमनीलेबी पोरगी होईल.