शून्य ते पाच

अन् म्हणे टेंपरेचर शून्य ते पाचच्या मधात ठेवा! आता तुमीच सांगा, चंद्रपुरात, मे महिन्यात, शून्य ते पाच! इथी माठातलं पाणी प्यालं त तोंड पोळते, अन् पुस्तकात लिहून ठेवलं शून्य ते पाच... ज्यानं लिहिलं त्याले एक डाव आमच्या लॅबमंधी उभं करा, पंखा बंद करून! हाव, पंखा बंद! काऊन? त बर्नर विझते!

तुमाले सांगतो, एमेस्सीचं ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल, अन् माही दुसरी खेप. पयल्या खेपेले नापास झालो तवा आमचे बाबा, गुणवंतराव, एवढंच बोलले, 'हेमराज, या डाव गेला त मूल गावच्या राइस मिलमंधी लाग. भट्टीजवळ जागा खाली हाये.' भट्टीजवळ! म्हणून म्या सकाळीच गोलेवाल्याकडून बर्फाची लादी घेतली, धानाच्या भुश्यात गुंडाळली, पोत्यात घातली, अन् लेकरावानी मांडीवर घेऊन ऑटोत बसलो. पँट पूरा ओला... लोकं पाहून राह्यले! म्हटलं पाहा बाप्पा, पण हे वाचलं पाह्यजे.

करायचं काय होतं? अ‍ॅनिलीन अ‍ॅसिडात टाका, त्यात दुसरं द्रावण थेंब थेंब सोडा, अन् शेवटी लालभडक रंग उतरते. रंग आला त पास! पण थंडीतच. पाचाच्या वर गेलं का बुडबुडे निघतेत अन् रंगाचं डांबर होते. शून्य ते पाच!

बीकरभोवती पोत्यातला बर्फ घालत राह्यलो, पारा तीनवर. थेंब बराबर पडून राह्यला... अन् मागून आमचे लॅबचे शिपाई बिरजूभाऊ, 'हेमराज, जरासाक बर्फ देतं का गा? बाहेरून परीक्षक साहेब आले, घामाघूम झाले, त्याईले लिंबूसरबत पाह्यजे.' आता परीक्षकाले नाई म्हणता येते का? दिला. पारा चारवर. बिरजूभाऊ वापस! 'साहेबाले आवडलं ना बे, अजून एक गिलास.' दिला! साडेचार... तिसऱ्या डाव त त्यानं पोतंच उचललं! म्या ओरडलो, 'भाऊ, मिल हाये माह्या डोक्यावर!' त तो म्हणते, 'अरे, साहेब खुश त तू पास!'

पाच... सहा... नऊ... बुडबुडे! लाल रंग कुठी? धान रोवण्याच्या बांधीतला, शेतातला चिखल नुसता! मले रडूच आलं जी, खरं सांगतो.

तेवढ्यात साहेब आले. हातात गिलास, गिलासात माहा बर्फ खळखळ वाजून राह्यला. वाकून पाह्यलं अन् म्हणतेत, 'अरेरे! बर्फाच्या बाबतीत अशी कंजुषी का केलीस रे, बाळ?'

म्या त्या गिलासाकडंच पाहत राह्यलो. त्याईनं एक घोट घेतला, पेन काढला, मार्क टाकले.

किती म्हणता? टेंपरेचर नाई सांभाळता आलं जी, पण मार्क मातर बराबर मधात बसले... शून्य ते पाच.