डावा रकाना

साल्वू: …म्हणून पुन्हा सांगतो, आज तू घरात थांबायचं नाहीस. घर बघायला येणाऱ्यांसाठी एजंट अकराला दार उघडणार, साडेअकराला बंद करणार. तेवढा अर्धा तास माझा.

लोसा: म्हणजे माझंच घर आणि मीच पळायचं?

साल्वू: तुझं नव्हे, भाड्याचं. मालक ते विकतो आहे. घेणारा भाड्याने द्यायला घेणार असेल, तर तू राहिलीस. स्वतः राहायला येणारा असेल, तर दोन महिन्यांत तुझं बिऱ्हाड बाहेर. तेव्हा राहायला येणारे तेवढे परतवायचे. काम सरळ आहे.

लोसा: आणि तुम्ही कुंपणाशी पाण्याची नळी घेऊन उभे! अंकल, गेल्या शनिवारी त्या गुलाबाला इतकं पाणी घातलंत, बिचारा पोहायला शिकला असेल.

साल्वू: गेल्या शनिवारी दोन जोडपी परत गेली. पद्धत सिद्ध झाली आहे. घर घेणारा माणूस एजंटचं ऐकतो आणि शेजाऱ्यावर विश्वास ठेवतो.

लोसा: पण खोटं बोलताना जीभ अडखळली तर?

साल्वू: खोटं? पोरी, मी टेक्निकल कॉलेजात शिकलेला फिटर आहे. यंत्र तपासायला दिलं की आमचे मास्तर कागदावर आधी उभी रेघ मारायला लावत. डावीकडे दोष, उजवीकडे गुण. एकेचाळीस वर्षं इथे राहून मेलबर्नच्या या वस्तीचे दोन्ही रकाने मी भरले आहेत. त्यांतला डावाच मोठ्याने वाचायचा. यात खोटं कुठे आलं?

लोसा: वाचा बघू.

साल्वू: एक. वारा फिरला की कत्तलखान्याचा वास. दोन. पहाटे चारपासून गोदामांचे ट्रक. तीन. शेजारी दार न वाजवता घरात शिरतात.

लोसा: हा टोला मला.

साल्वू: टोला नाही, नोंद. चार. रविवारी तुमच्याकडे तापल्या दगडांवर जो स्वयंपाक होतो, त्याचा धूर. पाच. गुरुवारी तुमच्या चर्चच्या मंडळींची गाण्याची तालीम. माणसं अठरा, खिडकी एक.

लोसा: देवाची गाणीसुद्धा दोषात घातलीत! मग उजवीकडे काय लिहिलंय?

साल्वू: ते आजच्या कामाचं नाही.

लोसा: माझी आई चर्चला पायी जाऊ शकते, हे लिहिलंय? पोरांची शाळा कोपऱ्यावर आहे, हे? …अंकल, मी हसते खरी, पण आठवडाभर घास गिळवत नाही. याच भागात बावीस घरांना अर्ज केले. फोनवरची बाई आधी नीट बोलते. मी म्हटलं, मी, माझा नवरा इओआने, आई आणि तीन पोरं, आम्ही सहा जण, की एकदम गोड होते आणि फोन ठेवते.

साल्वू: म्हणूनच सांगतो, जा. चर्चच्या हॉलमध्ये जाऊन बस. एजंटची गाडी वळली बघ.

(अकरा वाजून दहा मिनिटं. कुंपणापाशी एक गरोदर बाई येऊन थांबते. नाव ब्रिओनी.)

ब्रिओनी: अहो, जरा ऐकता का? तुम्ही इथलेच ना? तो एजंट म्हणतो, घरात भरपूर उजेड आहे. म्हणाला तेव्हा पडदे बंद होते. तुम्हीच सांगा, इथे राहणं कसं आहे?

साल्वू: खरं सांगू?

ब्रिओनी: खोटं ऐकायला उन्हात कशाला उभी राहीन?

साल्वू: तर मग पहिली गोष्ट वास. वारा फिरला की कत्तलखाना थेट आपल्या स्वयंपाकघरात.

ब्रिओनी: त्याची ओळख आहे. पाच वर्षं तिथेच पॅकिंगला आहे मी. नवरा म्हणतो, आधी तुझा वास घरी पोचतो, मागून तू.

साल्वू: अस्सं. दुसरी गोष्ट ट्रक. पहाटे चारला पहिला सुटतो. भांडी वाजतात.

ब्रिओनी: पहिला ट्रक माझ्या नवऱ्याचाच! इथे कामावर पोचायला बिचारा अडीचला उठतो. या घरातून चालत जाईल. पोर झाल्यावर तासभर जास्त झोप मिळेल त्याला… म्हणजे, पोराने दिली तर.

साल्वू: हं. …शेजारी दार न वाजवता आत येतात. मीठ मागायला येतात, तासभर बसतात आणि मीठ न्यायचं विसरतात.

ब्रिओनी: खरंच?

साल्वू: रोज.

ब्रिओनी: मागच्या महिन्यात मी आमच्या इमारतीच्या जिन्यात पडले. तिघं जण बाजूने वर गेले. तिघंही ‘सॉरी’ म्हणाले. फार सभ्य लोक आहेत आमच्याकडे.

साल्वू: धुराचं काय! रविवारी सकाळपासून धूर. कपडे वाळत घालायची सोय नाही.

ब्रिओनी: कसला धूर?

साल्वू: स्वयंपाकाचा. डुकराचं मटण, कंदमुळं, सगळं दगडांवर भाजतात, वरून पानं झाकतात. वास दोन गल्ल्या ओलांडून जातो.

ब्रिओनी: मग तुम्हाला फार त्रास होत असेल.

साल्वू: मला ताट येतं.

ब्रिओनी: काय येतं?

साल्वू: ताट. कुंपणावरून. झाकलेलं. …ते सोडा, ते दुसऱ्या रकान्यातलं आहे.

लोसा: अंकल! पोटुशी बाई भर उन्हात, आणि तुम्ही भाषण कसलं देताय? बाई, ही घे खुर्ची. बस आधी. आणि हा पाव खा, नारळाच्या दुधातला आहे. दोन खा, पोटातल्याचा एक.

साल्वू: लोसा, तू हॉलमध्ये आहेस.

लोसा: फाटकापर्यंत गेले होते. मागे बघितलं तर हिचे पाय एवढे सुजलेले. पुढे कोण जाईल?

साल्वू: ज्याला सांगितलं आहे तो जाईल!

लोसा: हे बघ बाई, पाळणा मागच्या खोलीत ठेव. पुढची ट्रकने हादरते. दुपारी गार वारा येतो तो मागेच. न्हाणीघराचा नळ हळू फिरव, जोर केलास की भिंतीत गळतो. आणि मागचं दार खांद्याने ढकलावं लागतं, पण ते आत्ता नको, बाळंत झाल्यावर.

ब्रिओनी: तुला घरातलं इतकं कसं माहीत?

साल्वू: ती तिथे राहते. सात वर्षं.

ब्रिओनी: एजंट तर म्हणाला, भाडेकरू आपणहून चाललेत.

लोसा: चांगला मुलगा आहे तो. त्याला तसं म्हणायला लावत असतील.

ब्रिओनी: मग तुम्ही जाणार कुठे?

लोसा: देव बघेल.

साल्वू: देवाकडे बावीस अर्ज पडून आहेत.

ब्रिओनी: …आम्हाला सहा वर्षांत तीनदा घर सोडायला लावलं. तिसऱ्यांदा खोकी भरताना मी ठरवलं, आता कुणी ‘निघा’ म्हणू शकणार नाही अशाच घरात बाळंतपण. अर्धं मेलबर्न पालथं घातलं. आवाक्यातलं हे पहिलं. मी नाही घेतलं तरी दुसरं कुणी घेईलच ना?

लोसा: घेईलच. म्हणून तूच घे. दुसरा कुणी आला तर आधी लिंबाचं झाड तोडेल आणि तिथे गाडी लावेल.

साल्वू: लोसा, तू आहेस कुणाच्या बाजूची?

लोसा: पाव खाणाऱ्याच्या.

ब्रिओनी: खाते कुठे? हातातच आहे. …असं कसं गं? जिच्यासारखी शेजारीण हवी म्हणून इथे यायचं, तिलाच बाहेर काढायचं?

लोसा: शेजारी अंकल आहेत ना. बोलतात कडक, पण तुझी कचऱ्याची पेटी मंगळवारी तेच बाहेर ठेवतील. सांगावं लागत नाही.

ब्रिओनी: तुम्ही मघापासून सगळ्या वस्तीचे दोष सांगितलेत. तुमच्या घरात काय दोष आहे?

साल्वू: माझ्या घरात? काही नाही. पक्कं बांधकाम. चार खोल्या, एकही भेग नाही.

ब्रिओनी: आणि माणसं किती?

साल्वू: मी.

ब्रिओनी: चार खोल्यांत?

साल्वू: एकीत मी झोपतो. एकीत लेथ आहे, लोखंड कातायचं अवजड यंत्र, कारखाना बंद पडला तेव्हा विकत घेतलेलं. एकीत लेथचं सामान. चौथीत… चौथीत काय आहे, ते दार उघडून बघावं लागेल.

लोसा: बाई, राहू दे तो विषय. अंकलना शांतता लागते. म्हातारं माणूस आहे, उगाच…

ब्रिओनी: मी काही सुचवलं नाही. नुसतं विचारलं.

लोसा: अंकल? रागावलात का? ती परकी आहे, तिला काय ठाऊक! मी तुमच्याकडे कधी तसलं काही मागितलंय का?

साल्वू: नाही मागितलंस. सात वर्षांत मिठाशिवाय काही मागितलं नाहीस.

लोसा: मग झालं तर. सोडा तो विषय.

साल्वू: इओआने कामावरून किती वाजता येतो?

लोसा: तीनला. त्याच्याकडे काय काम?

साल्वू: लेथ एकट्याने खोलीबाहेर निघत नाही.